सुटकेच्या वेळी सोबत कोणाची?

विश्रांतवाडीच्या चौकापासून फारसे दूर नसलेल्या एका खासगी प्रसूतिगृहाच्या पहिल्या मजल्यावर, प्रसूतिकक्षाच्या दाराबाहेरील लोखंडी बाकड्यावर, पाच वर्षांपूर्वी मी एक संपूर्ण रात्र बसून काढली. आणि त्या दाराच्या पलीकडे माझी मुलगी, जी लहानपणी साध्या तापातही माझा पदर सोडीत नसे, ती नऊ तास अपरिचितांमध्ये एकटी कळा सोशीत होती. दार उघडे ते औषधांची चिठ्ठी बाहेर देण्यापुरते. ‘अजून किती वेळ?’ या प्रश्नास ‘होईल, बसा’ याखेरीज उत्तर मिळत नसे. तेथील परिचारिका निष्ठुर होत्या असे मी म्हणणार नाही. त्या दोघीच होत्या आणि त्यांच्यावर एकाच वेळी चार स्त्रियांचा भार होता. पहाटे नात झाली, बाळ-बाळंतीण सुखरूप होती, पेढे वाटले गेले, आणि ती रात्र संपली असे आम्ही सर्वांनी मानले. मुलीच्या मनात ती संपली नव्हती, हे मला नातीच्या उष्टावणाच्या दिवशी कळले. कळा ती केव्हाच विसरली होती. परंतु आपल्या शरीराचे काय चालले आहे हे एकानेही सांगितले नाही, आणि हाका मारूनही कोणी जवळ येऊन उभे राहिले नाही, हे सांगताना तिचा कंठ दाटून आला होता.

गेल्या वर्षी तिला पुन्हा दिवस राहिले तेव्हा पाचव्या महिन्यातच ती मला म्हणाली, “आई, या वेळी मला डूला हवी.” हा शब्द मी प्रथमच ऐकत होते. प्रसूतीच्या वेळी आणि नंतरच्या दिवसांत बाळंतिणीजवळ राहून तिला धीर देणारी, तिची पाठ चोळणारी, काय चालले आहे ते समजावून सांगणारी, पण वैद्यकीय उपचारांस हात न लावणारी शिकलेली स्त्री, असा त्याचा अर्थ तिने सांगितला. आणि खरे सांगते, मला ते लागले. सख्खी आई हयात असताना, दोन लेकरांना जन्म देऊन हातीपायी धड असताना, मानधन घेऊन येणारी परकी बाई लेकीजवळ कशासाठी, असे मी बोलूनही दाखविले. तेव्हा ती शांतपणे म्हणाली, “मला दुखू लागले की तू रडशील, आणि मग कळा सोसायच्या सोडून मी तुलाच सांभाळीत बसेन.” त्यावर मला उत्तर सुचले नाही, कारण ते सत्य होते. कळा देणाऱ्या स्त्रीजवळ कोण असावे याचा निर्णय नाते, वय किंवा मान पाहून घरातल्यांनी करावयाचा नसून तो केवळ तिने एकटीने करावयाचा आहे, एवढी साधी गोष्ट समजावयास मला साठी उलटावी लागली.

शब्द ग्रीक आहे, आणि त्याचा मूळ अर्थ दासी असा आहे. डेना राफेल या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ विदुषीने स्तनपानावरील आपल्या १९७३ च्या ग्रंथात तो बाळंतिणीची देखभाल करणाऱ्या अनुभवी स्त्रीस लावला आणि तेथून तो जगभर गेला. त्यानंतर मार्शल क्लाउस आणि जॉन केनेल या दोन बालरोगतज्ज्ञांनी सहकाऱ्यांसह ग्वाटेमाला या देशातील एका गजबजलेल्या रुग्णालयात जो प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष १९८० साली प्रसिद्ध झाले, आणि ते मला या सर्व विषयाचे मर्म वाटतात. त्या प्रयोगात बाळंतिणीजवळ बसविलेली स्त्री शिकलेली सुईण नव्हती, परिचारिका नव्हती, तिची नातलगही नव्हती. तिने फक्त हात धरावयाचा, पाठीवरून हात फिरवावयाचा, बोलत राहावयाचे, आणि उठून जावयाचे नाही. ज्यांची प्रसूती बिनधोक होती अशा स्त्रियांत, एकट्या ठेवलेल्यांस दाखल झाल्यापासून सुटका होईपर्यंत सरासरी १९ तास लागले. सोबत असलेल्यांस ९ तासांहूनही कमी. एवढा विलक्षण फरक पुढील अभ्यासांत आढळला नाही हेही सांगितले पाहिजे. कॉक्रेन या संस्थेने २०१७ साली १७ देशांतील २६ चाचण्यांचा, म्हणजे १५,८५८ स्त्रियांच्या अनुभवाचा जो आढावा घेतला, त्यात अखंड सोबतीमुळे प्रसूतीचा काळ सरासरीने सुमारे ४० मिनिटांनी कमी झाल्याचे, सीझरचे प्रमाण सुमारे चतुर्थांशाने घटल्याचे आणि आपल्या प्रसूतीविषयी कटू भावना बाळगणाऱ्या स्त्रियांची संख्याही घटल्याचे दिसते. ज्या उपायास औषध लागत नाही, यंत्र लागत नाही, आणि ज्यापासून अपाय झाल्याचे त्या आढाव्यात आढळले नाही, असे उपाय वैद्यकशास्त्रात किती असतील?

आपल्याकडे ही गोष्ट मुळीच नवी नाही. मराठी भाषा प्रसूतीला ‘सुटका’ म्हणते, बाई ‘मोकळी झाली’ म्हणते. आणि सुटकेच्या वेळी जवळ सुईण असे, थोरली जाऊ असे, आत्या किंवा मावशी असे. त्यापुढे जाऊन, ज्यांना जवळचे कोणीच उरले नव्हते त्यांच्यासाठी याच पुण्यात १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. फसविल्या गेलेल्या विधवांनी येथे यावे, गुप्तपणे व सुखरूप बाळंत व्हावे, असे आवाहन त्यांनी जाहीरपणे केले. आणि आलेल्या स्त्रियांची शुश्रूषा सावित्रीबाईंनी केली. १८७४ साली तेथे काशीबाई नावाच्या विधवेस झालेला मुलगा या दांपत्याने दत्तक घेतला, तोच पुढे डॉक्टर यशवंत झाला, आणि १८९७ च्या प्लेगमध्ये त्याच्या रुग्णालयात रोगी पोहोचविताना लागण होऊन सावित्रीबाईंना मरण आले. आमच्या आळंदी रस्त्यावरून येरवड्याकडे जाताना फुलेनगर ही वस्ती लागते. ते नाव वाचताना मला हल्ली त्या घराची आठवण होते, जेथे कोणत्याही स्त्रीला ‘तुझ्याबरोबर कोण आहे’ असे विचारून परत पाठविले गेले नाही. पुढे रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने निराधार स्त्रियांना परिचारिकेच्या व सुइणीच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयात धाडले, हाही त्याच परंपरेचा विस्तार होय.

जुनी सुईण परत आणावी असे कोणीही शहाणा मनुष्य म्हणणार नाही. अस्वच्छ विळ्याने कापलेली नाळ, धनुर्वाताने गेलेली अर्भके आणि रक्तस्रावाने गेलेल्या तरुण माता माझ्या आजीच्या पिढीने डोळ्यांदेखत पाहिल्या. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात ९४.७ टक्के प्रसूती रुग्णालयात झाल्या, आणि २०१८ ते २०२० या काळात राज्यातील मातामृत्यूचे प्रमाण लाख जिवंत जन्मांमागे ३३ पर्यंत उतरले. हे आपल्या सार्वजनिक जीवनाचे मोठे यश आहे. परंतु घर सोडून रुग्णालयात जाताना आपण अस्वच्छतेबरोबर सोबतही बाहेर ठेवली. विळा टाकावयाचा होता, तो आपण टाकला. हात टाकावयाचा नव्हता, तोही टाकला.

शासनाला हे उमगले नाही असे नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने सार्वजनिक रुग्णालयांतील प्रसूतिकक्षात बाळंतिणीसोबत एका स्त्रीला राहण्याची मुभा दिली, आणि डिसेंबर २०१७ मधील ‘लक्ष्य’ कार्यक्रमाने प्रसूतिकक्षांच्या सुधारणेत तिला स्थान दिले. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१८ साली प्रत्येक स्त्रीस तिच्या पसंतीची सोबत मिळावी अशी शिफारस केली. केंद्राच्या त्या सूचनेतील अटी वाचण्यासारख्या आहेत. सोबतीण नात्यातली असावी आणि शक्यतो तिने स्वतः प्रसूती अनुभवलेली असावी; तिला संसर्गजन्य रोग नसावा; तिचे कपडे स्वच्छ असावेत; शेवटपर्यंत थांबण्याची तिची तयारी असावी; रुग्णालयाच्या कामात आणि उपचारांत तिने ढवळाढवळ करू नये; आणि कक्षातील इतर स्त्रियांकडे तिने जाऊ नये. परंतु हा हुकूम सरकारी रुग्णालयांपुरता. विश्रांतवाडी, धानोरी, कळस, टिंगरेनगर या पट्ट्यातील बहुसंख्य मध्यमवर्गीय कुटुंबे ज्या खासगी प्रसूतिगृहांत जातात, तेथे दार उघडणे अथवा न उघडणे हे सर्वस्वी चालकांच्या मर्जीवर आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्णहक्कांच्या सनदेप्रमाणे पुरुष डॉक्टर स्त्रीरुग्णास तपासीत असता दुसऱ्या स्त्रीची उपस्थिती हा तिचा हक्क ठरतो. मग दहा मिनिटांच्या तपासणीस जो हक्क आहे, तो दहा तासांच्या कळांना का नसावा?

म्हणून ज्यांच्या घरी बाळंतपण येऊ घातले आहे त्यांना माझे पहिले सांगणे असे की, डूला निवडण्याच्या आधी प्रसूतिगृह निवडा. दाराशी अडविलेली उत्तमातली उत्तम डूला ही माझ्यासारखीच बाकड्यावर बसून राहते. आम्ही तीन ठिकाणी चौकशी केली. एका ठिकाणी ‘आमच्याकडे तसा शिरस्ता नाही’ असे उत्तर मिळाले. दुसऱ्या ठिकाणी ‘त्या वेळी पाहू’ असे, आणि या उत्तराचा अर्थ नकार असाच धरावा, कारण त्या वेळी वाद घालण्याची शक्ती कोणाच्याही अंगी नसते. तिसऱ्या ठिकाणच्या डॉक्टरबाईंनी मात्र डूलेला भेटीस घेऊन या असे सांगितले, अर्धा तास तिच्याशी बोलल्या, आणि मुलीच्या कागदपत्रांवर स्वहस्ते परवानगीची नोंद करून सही केली. त्या सहीपायी आम्हाला घरापासून अंमळ दूर जावे लागले. ते आम्ही आनंदाने पत्करले.

डूलेची पारख अधिक कठीण आहे, कारण डॉक्टरांची नोंद वैद्यक परिषदेत असते, परिचारिकेची परिचर्या परिषदेत असते, तशी डूलेची नोंद ठेवणारे सरकारी दप्तर नाही. प्रशिक्षण देणाऱ्या संस्था प्रमाणपत्रे देतात. काहींचे शिक्षण काही दिवसांचे, काहींचे काही महिन्यांचे. प्रमाणपत्र पाहावे, परंतु त्यावर विसंबू नये. आम्हाला भेटलेल्या पहिल्या बाईंकडे अशी चौकटीत बसविलेली तीन प्रमाणपत्रे होती, आणि त्यांनी बोलण्याच्या ओघात ‘माझ्याकडे आलेल्यांचे सीझर मी होऊ देत नाही’ असे आश्वासन दिले. त्या क्षणी मुलीने मनाशी नकार पक्का केला, आणि तो योग्यच होता. सीझर करावे की नाही हा निर्णय डॉक्टरचा व बाळंतिणीचा. जी स्त्री तो आपल्या हाती असल्याचे भासविते, ती निकराच्या प्रसंगी मौल्यवान मिनिटे दवडील. जी आतील तपासणी करू पाहते, एरंडेल किंवा काढे देऊन कळा आणण्याच्या गोष्टी करते, डॉक्टरांविषयी मनात अविश्वास पेरते किंवा घरीच बाळंत होण्याचा आग्रह धरते, तिला नम्रपणे निरोप द्यावा.

दुसऱ्या बाई वयाने माझ्याहून लहान, धानोरीत राहणाऱ्या, स्वतः दोन मुलांच्या आई. त्यांनी स्वतःविषयी फार थोडे सांगितले आणि पाऊण तास मुलीचे ऐकून घेतले. पहिल्या बाळंतपणात काय झाले, कशाची भीती वाटते, कोणाचा स्पर्श नकोसा होतो, हेही विचारले. त्याच रात्री दुसऱ्या कोणाला कळा लागल्या तर काय, याचे उत्तर त्यांच्याजवळ तयार होते: बदली येणाऱ्या मैत्रिणीस त्यांनी आगाऊच भेटविले. केव्हा येतील, केव्हापर्यंत थांबतील, मानधन किती व केव्हा, सीझर झाले तर काय, हे सर्व एका साध्या कागदावर लिहून दोघींनी सह्या केल्या. राहण्याचे ठिकाण हीदेखील क्षुल्लक बाब नव्हे. मुलीची तारीख ज्येष्ठ वद्य पक्षातली होती, आणि ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून पुण्यास येते त्या दिवशी आळंदी रस्ता वाहनांस बंद असतो. कोथरूडहून येणारी डूला कितीही निष्णात असली तरी त्या दिवशी तिचा उपयोग झाला नसता. आणि भाषा! कळांच्या भरात मनुष्य आईच्या भाषेत बोलतो. इंग्रजीत ‘श्वास घ्या’ सांगणारी आणि ‘घे बाई, हळूहळू सोड, गेली बघ ही कळ’ म्हणणारी, यांत केवढे अंतर आहे ते मी पाहिले आहे.

पालखीच्या दोन दिवस आधी, मध्यरात्रीनंतर, कळा सुरू झाल्या. डूला पाऊण तासात घरी आल्या, पहाटे आम्ही सर्व रुग्णालयात गेलो, आणि नियमाप्रमाणे एकीलाच आत जावयाचे असल्यामुळे मी पुन्हा बाहेरच बसले. परंतु त्या वेळी दार दर तासाने उघडत होते. “काकू, पाणी प्यायली आहे, फेऱ्या मारते आहे, तुमची आठवण काढली,” एवढेच त्या सांगून परत जात. सकाळी दहाच्या सुमारास बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावू लागले, आणि डॉक्टरबाईंनी शस्त्रक्रियेचा निर्णय घेतला. डूलेने एक अक्षरही वादाचे काढले नाही. डॉक्टरांनी सांगितलेले तिने मुलीच्या कानाशी शांतपणे पुन्हा सांगितले, शस्त्रक्रियागृहाच्या दारापर्यंत हात धरून ती चालली, आणि दोन तासांनी बाळाला प्रथम छातीशी लावताना पुन्हा त्याच जागी उभी होती. पहिली प्रसूती ज्याला लोक नॉर्मल म्हणतात तशी झाली होती, दुसरी पोट कापून झाली. तरीही आज मुलीला विचारले तर ती दुसरीच चांगली झाली असे म्हणते. ज्यांना डूला म्हणजे सीझर टाळण्याचा विमा वाटतो, त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे.

बाळंतपण तेथे संपत नाही, आणि माझ्या मते या सोबतीची खरी गरज पुढील सव्वा महिन्यात आहे. या बाबतीत आपला समाज मोठा शहाणा होता. पहिलटकरणीला माहेरी आणणे, तिला घरकामापासून मुक्त ठेवणे, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, तूपभात, रोजचे तेल-मालिश, बाराव्या दिवशी बारसे आणि महिनाभर कोणी ना कोणी उशापायथ्याशी, ही एक संपूर्ण शुश्रूषा-पद्धती होती. तिच्यातील काही गोष्टी टाकून द्याव्यात: बंद खोलीतील शेगडीचा धूर बाळाला आणि बाळंतिणीला दोघांनाही घातक आहे, आणि मध किंवा गुटी चाटविणे अयोग्य आहे, कारण पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधावाचून कशाचीही आवश्यकता नसते. परंतु आता माहेर लातूर-नांदेडकडे, नोकरी खराडीस, सासूबाईंचे गुडघे दुखतात, आणि मालिशवाल्या बाईंना चार घरे करावयाची असतात, अशा दोन खोल्यांच्या संसारात ती पद्धती कोण चालवील? आमच्या डूला पहिल्या पंधरवड्यात पाच वेळा आल्या. त्यांनी मुलीला बाळ नीट छातीशी धरावयास शिकविले. मला, आजीला, बाळ रडले की लगेच ‘दूध पुरत नाही’ म्हणावयाचे नाही हे शिकविले. आणि एके दिवशी मुलगी अकारण रडू लागली तेव्हा तिला उपदेश न करता तिचे डोके मांडीवर घेतले. भारतातील अभ्यासांचा २०१७ चा एकत्रित आढावा सांगतो की प्रसूतीनंतर सुमारे २२ टक्के मातांना नैराश्य गाठते. दोन आठवडे रडू थांबत नसेल, झोप उडाली असेल, बाळाविषयी परकेपणा किंवा स्वतःविषयी भलते विचार येत असतील तर डूलेचा धीर पुरेसा नाही. डॉक्टरकडे जावे, निदान शासनाच्या १४४१६ या मानस दूरध्वनीवर बोलावे. तसेच तासाभरात कापड भिजेल एवढा रक्तस्राव, ताप, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा एका पोटरीस सूज दिसली तर कोणाचीही वाट न पाहता रुग्णालय गाठावे. चांगली डूला हे सर्वप्रथम स्वतःच सांगते.

येथे एक गोष्ट मनास बोचते. आम्ही जे मानधन दिले ते आमच्या घरी भांडी घासावयास येणाऱ्या ताईंच्या सुनेला देता येणार नाही, आणि कळा तर दोघींच्या सारख्याच. त्या सुनेच्या वस्तीत आशाताई जातात. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी सिद्ध केलेल्या घरोघरच्या नवजात बालसेवेच्या धर्तीवर, ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी बाळ-बाळंतिणीची भेट घेणे हे त्यांचे काम आहे. त्या तुटपुंज्या मोबदल्यात ते करतात आणि आपण त्यांना डूला म्हणत नाही. महापालिकेच्या येरवड्यातील राजीव गांधी रुग्णालयात किंवा ससूनमध्ये प्रसूतीस जाणाऱ्या स्त्रीने हे जाणून घ्यावे की एका स्त्रीला बरोबर नेण्याची मुभा शासनानेच दिलेली आहे. तिची जाऊ, मावशी, जी शेवटपर्यंत थांबेल आणि मध्ये बोलणार नाही अशी नात्यातली कोणीही, ही तिची डूलाच होय. ग्वाटेमालातील त्या अनामिक स्त्रियांहून तिची योग्यता कमी नाही.

पुणे महानगरपालिकेच्या आरोग्य खात्याकडे माझी एक दरखास्त आहे. शहरातील खासगी प्रसूतिगृहांची नोंदणी १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली हेच खाते करते, आणि दरपत्रक व रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागी लावण्याचे बंधन २०२१ च्या सुधारित नियमांनी घातलेलेच आहे. त्याच फलकावर आणखी एक ओळ असावी: ‘प्रसूतिकक्षात बाळंतिणीच्या पसंतीच्या एका स्त्रीस प्रवेश आहे’, अथवा ‘नाही’. नोंदणीच्या नूतनीकरणाच्या वेळी ही ओळ तपासावी, आणि ज्यांनी ‘नाही’ असे लिहिले त्यांच्याकडून त्याचे लेखी कारण मागावे. आणि वाचकहो, आपल्या घरी या वर्षी पाळणा हलणार असेल तर डोहाळजेवणाची तारीख ठरविण्यापूर्वी प्रसूतिगृहात जाऊन हा प्रश्न स्वतः विचारा, उत्तर लेखी घ्या; आणि आत कोणी जावयाचे हे मुलीला किंवा सुनेला एकांतात विचारून, ती जे नाव घेईल ते मुकाट्याने मान्य करा.